बसवलेला गडी

९ जानेवारी १९१०, रविवार

काल पाच वाजायला सात मिनिटं असताना माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की माहीत आहे, कारण पाठीवर पडलो तेव्हा रिंकच्या छताखालचं मोठं घड्याळ बरोबर डोळ्यांसमोर होतं. डनबार गावच्या आइस हॉकी संघाचा कॅप्टन हेक्टर स्नेडन आणि मी एकाच चकतीमागे फळ्यांपर्यंत गेलो. तो थांबला, मी थांबलो, माझा डावा गुडघा थांबला नाही. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. घरमालकिणीचा मुलगा झेफिर म्हणतो, वरच्या बाकांपर्यंत ऐकू गेला.

दहा मिनिटं खेळ थांबवून माझी वाट पाहिली. मग स्नेडनने रिवाजाप्रमाणे त्यांचा एक गडी बसवला. बदली गडी आमच्या खेळात नाहीच. सात उतरतात आणि तेच सात साठ मिनिटं खेळतात. एखादा जायबंदी झाला, तर समोरच्या कॅप्टनने आपलाही एक बसवायचा, सहा विरुद्ध सहा. कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण जो पाळणार नाही त्याला पुढच्या गावात कुणी चहा विचारणार नाही. स्नेडनने पाळलं. पण बसवला कोण? तो काटकुळा, जो स्वतःच्याच स्टिकला अडखळतो! माझ्या बदल्यात ते बुजगावणं! त्यानंतर आम्ही चार गोल खाल्ले.

गावचे डॉक्टर गुडघा दाबून म्हणाले, "वसंतापर्यंत बघू." मला बघायची गरज नाही. दोन वर्षं किंग्स्टनला वैद्यकी घोकली आहे. हा पाय पुन्हा बर्फावर वळणार नाही. याच पायासाठी मी गेल्या शरदात कॉलेज सोडलं. बाबांनी तेव्हा लिहिलं होतं, "पैसे घेऊन खेळणारा आणि जत्रेतलं अस्वल यांत मला फरक दिसत नाही. घरी येऊ नकोस." अस्वल आता लंगडं झालं, हे त्यांना कोण कळवणार?

१२ जानेवारी

छताकडे बघतो. छतावर एकूण एकतीस फळ्या आहेत. दुपारी घरमालकीण मादाम पेल्तियेंची मुलगी ओरेली वाटाण्याचं सार घेऊन आली आणि तिने उशी सरळ केली. केस बांधलेले नव्हते. ती खाली गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडलो. गुडघ्यासाठी रडलो असं लिहिणार होतो, पण इथे तरी खोटं कशाला?

१६ जानेवारी, रविवार

स्नेडन आला होता, डनबारहून बारा मैल घसरगाडी हाकत. संत्री आणली. थंडीच्या दिवसांत संत्री कुठून मिळवली कोण जाणे. टोपी हातात धरून उभा राहिला आणि माझ्या आडनावाने हाक मारली.

"किहो, मी मुद्दाम नाही केलं."

"माहीत आहे मला."

"आणि तो गडी बसवला, तेही..."

"तुझा हक्क होता. जा आता."

माझ्याजवळ पाच मिनिटं बसला असेल. खाली स्वयंपाकघरात मात्र तासभर होता, मादाम पेल्तिये आणि ओरेलीशी बोलत. माझ्या गुडघ्याबद्दल तासभर बोलण्यासारखं काय आहे, देव जाणे. माणसाचं मन खात असणार. खाऊ दे.

२१ जानेवारी

मिस्टर बॅस्कम आले होते. खाण त्यांची, रिंक त्यांची, त्यामुळे आम्ही सातजणही त्यांचेच. पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "डर्मट, तुझे पाय गेले, डोकं आहे ना? पोरांना शिकव. कप आपल्या आर्जेंट लेक गावाला आण, म्हणजे पुढची तीन वर्षं तूच कोच. नाही आणलास तर..." पुढे नुसते खाकरले.

बावीस वर्षांचा कोच! हसू आलं. पण तीन वर्षं म्हणजे बायको पोसण्याएवढी नोकरी. कप आणला की मी मादामकडे ओरेलीला मागणी घालणार. हे ठरलं. आता यात बदल नाही.

२८ जानेवारी

आज पहिला सराव. काठी टेकत बर्फाच्या कडेला उभा राहिलो. बर्फावर उतरता न येणं म्हणजे काय, ते आज कळलं. गोलपाशी उभा असलेला गोम्बर्ट ओरडला, "अरे, अर्धा डॉक्टर आला रे! आता अर्धा कोच पण झाला!" सगळे हसले. मी काठी फेकून मारली. ती त्याला लागली नाही, आणि मग मला कडेपर्यंत चालता येईना. शेवटी झेफिरने ती उचलून आणून दिली.

"डॉक्टर, औषध नेम धरून द्यायचं असतं," म्हणाला.

झेफिर म्हणजे ओरेलीचा धाकटा भाऊ. वय एकोणीस. दिवसभर खाणीत खाली असतो, शिट्टी झाली की तोंडही न धुता रिंकवर. त्याला मी माझ्या जागेवर घेतलं आहे, मधला मोकळा गडी. डावीकडे झुकायचं, उजवीकडे सुटायचं, ही माझी चाल त्याला एका तासात आली. मला दोन हिवाळे लागले होते. त्याला तसं बोललो नाही.

१२ फेब्रुवारी

सलग चौथा विजय. गाव मला रस्त्यात थांबवून हात मिळवतं. झेफिरने आज तीन गोल केले. मी कडेवरून ओरडतो, तो तेच करतो. कधी कधी वाटतं, माझेच पाय त्याच्या अंगाखाली पळताहेत.

ओरेलीने आज आपणहून खेळाबद्दल विचारलं! भांडी पुसत होती.

"डनबारशी पुन्हा कधी आहे?"

"पाच मार्चला. अंतिम सामना तोच होणार. का?"

"सहज. तो कॅप्टन... त्यांचा संघ आहे का बरा?"

"आमच्यापुढे नाही."

मान खाली घालून हसली. मी कोच झाल्यापासून तिला खेळात रस आला आहे. एवढं तर आंधळ्यालाही दिसेल.

२० फेब्रुवारी, रविवार

स्नेडन पुन्हा हजर. तिसरी खेप. या वेळी मला भेटायला वर आलाच नाही, खालूनच विचारून गेला म्हणे. मादामने त्याला डुकराचं मांस भरून भाजलेली पोळी वाढली, जी त्या फक्त नाताळात करतात. मी झेफिरला म्हटलं, "एवढा पश्चात्ताप मी पाद्र्यातसुद्धा पाहिला नाही." झेफिरला ठसका लागला. बराच वेळ खोकत होता.

४ मार्च, शुक्रवार

बोटाला चिंधी बांधून लिहितो आहे.

सरावानंतर झेफिरच्या स्केट्सना धार लावत बसलो होतो. तो म्हणाला, "डर्मट, उद्याच्या आधी सांगावं की नंतर, कळत नाही."

"सांग."

"स्नेडनने आईकडे ओरेलीला मागितलंय. आई म्हणाली ईस्टरनंतर बघू. ओरेली... म्हणजे तिची हरकत नाही."

मी धार लावत राहिलो. बोट कापलं ते नंतर दिसलं.

"तू रागावलास का?" झेफिरने विचारलं. "तुला माहीत असेल असं वाटलं. सगळ्या घराला माहीत आहे."

संत्री! पाच मिनिटं माझ्याजवळ आणि तासभर स्वयंपाकघरात! माझा पाय मोडून हा माणूस त्याच पायऱ्या चढत माझ्या घरात आला आणि मी त्याची कीव करत होतो. उद्या त्याला बर्फावर लोळवायचं आहे. तिच्या डोळ्यांदेखत. ती दुसऱ्या रांगेत बसणार आहे.

६ मार्च, रविवार

जिंकलो. पाच विरुद्ध चार. शेवटचा गोल झेफिरचा. खाणीचे भोंगे अर्धा तास वाजत होते. बॅस्कमने सर्वांसमोर मला मिठी मारली आणि म्हणाले, "तीन वर्षं!"

पहिल्या डावाच्या अखेरीला झेफिरला त्यांच्या एकाची स्टिक कानाच्या वर लागली. थोडा वेळ आडवा होता. मग उठला, खेळला. विश्रांतीत स्नेडन आमच्या खोलीत काहीतरी बोलायला आला होता, त्याला मी वाटेला लावलं.

डोकं दुखतं म्हणून झेफिर आज प्रार्थनेला गेला नाही. दोनदा ओकला. लोकांनी काल फार पाजली त्याला. मी म्हटलं, झोपून राहा.

७ मार्च

सकाळी झेफिर उठला नाही. हलवलं, चिमटे घेतले, मादामने नाव घेऊन हाका मारल्या. डॉक्टर आले. साडेअकराला गेला.

८ मार्च

काही नाही.

१० मार्च, गुरुवार

सकाळी त्याला थडग्यात ठेवता आलं नाही. जमीन गोठलेली आहे, एप्रिलपर्यंत सगळे गेलेले लोक चर्चमागच्या दगडी खोलीत राहतात. झेफिरही तिथे.

दुपारी चौकशी झाली. शहरातून अधिकारी आले होते, गावातले बारा पंच बसले होते. त्यातले नऊ शनिवारी सामन्याला ओरडत होते. मला विचारलं, "कोच या नात्याने, पुन्हा खेळायला पाठवण्यापूर्वी तुम्ही मुलाला तपासलंत?"

"तपासलं."

"काही वावगं दिसलं?"

"नाही."

एवढंच. 'नाही'. दोन अक्षरं, आणि ती तोंडातून सहज बाहेर आली.

नंतर स्नेडनला बोलावलं. त्याला विचारलं, "विश्रांतीत तुम्ही त्यांच्या खोलीत गेला होता?"

"गेलो होतो. मुलाची चौकशी करायला."

"काय बोलणं झालं?"

स्नेडनने माझ्याकडे पाहिलं. "विशेष काही नाही," म्हणाला.

निकाल: अपघात. कुणाचा दोष नाही. बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं.

"का नाही सांगितलंस?"

"सांगून तो उठणार होता?" टोपी घालत म्हणाला, "जानेवारीत तू जायबंदी झालास तेव्हा मी आमचा सगळ्यात लुळा गडी बसवला. जिंकायचं होतं. ते अजून बोचतंय मला. तुला आता काय बोचायचं ते बोचू दे, किहो. त्यात मी भर नाही घालणार."

त्याने ओरडून शिवी दिली असती तर मी त्याच्या नरड्याला हात घातला असता. मला तेच हवं होतं.

१२ मार्च

स्नेडन काल घरी आला होता. ओरेलीने त्याला दारातूनच परत पाठवलं. वरून मला सगळं ऐकू आलं.

"तुमच्या माणसाची स्टिक होती."

"ओरेली, ऐकून तरी घे."

"तुम्ही कॅप्टन होता ना? तुमचा माणूस, तुमचा हुकूम. पुन्हा या घरात येऊ नका."

तो एक शब्द बोलला असता तर सुटला असता. बोलला नाही. घसरगाडीची घुंगरं बराच वेळ ऐकू येत होती.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली. काळा पोशाख तिच्या मापाचा नाही, मादामचाच आहे. म्हणाली, "त्याला तूच काय तो आपला वाटायचास. घरी आला की डर्मट असं म्हणाला, डर्मटने तसं शिकवलं." मग तिने माझा हात धरला. दोन महिने ज्या हातासाठी मी श्वास अडवून बसलो होतो तो हात. म्हणाली, "तू इथून जाऊ नकोस हं. आईला आता कुणीतरी हवं. मलाही."

मी म्हटलं, "नाही जाणार."

१३ मार्च, रविवार

बॅस्कमने करारावर सही करायला कागद पाठवला आहे. मादामने आज जेवताना मला झेफिरच्या जागेवर बसवलं. "इकडे बस बाळा, शेकोटी जवळ आहे, पायाला बरं." मी बसलो. जेवलोसुद्धा.

आता लिहितोच. ही वही कुणी वाचत नाही, मग तिच्याशी कसली लबाडी चालली आहे माझी?

विश्रांतीत झेफिर बाकावर बसला होता. मला म्हणाला, "डॉक्टर, घड्याळं दोन का लावलीत?" मी त्याच्या पापण्या वर केल्या. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी होती. दिव्याकडे वळवलं तरी ती लहान होईना. त्याचा अर्थ दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही पोराला विचारा. कवटीच्या आत रक्त साचतंय. मला हे ठाऊक होतं. शंका नव्हती, अंदाज नव्हता, ठाऊक होतं.

आणि तेव्हा स्नेडन आत आला. झेफिरकडे एकदा पाहिलं, मग मला बाजूला घेतलं.

"किहो, याला बसव. मी आमचा गडी बसवतो."

"कुठला? तोच काटकुळा?"

"नाही. मी स्वतः बसतो."

दुसरा कुणी कोच असता तर त्याने देवाचे आभार मानले असते. स्नेडनशिवाय डनबार म्हणजे काय? झेफिर नसतानाही आम्ही आरामात जिंकलो असतो. कप, नोकरी, सगळं मिळालं असतं, आणि झेफिर आज खाली बसून मला चिडवत असता. माझा फायदा माझ्या हातात आणून देत होता तो माणूस.

पण मला दिसली ती दुसऱ्या रांगेतली ओरेली. स्नेडन आपणहून जाऊन बाकावर बसतोय, सगळी रिंक टोप्या उडवतेय, आणि ती त्याच्याकडे बघतेय. तिच्या भावासाठी बसलेला थोर माणूस! हे मला बघवणार नव्हतं. आणि तो बसला तर मी लोळवणार कुणाला?

मी म्हणालो, "आमच्याकडे भीक घेत नाहीत. चालता हो."

तो दारात थांबला. "पोराचा डोळा बघ रे," म्हणाला.

"बघितलाय," मी म्हटलं.

मग मी झेफिरच्या स्केटची नाडी बांधली, कारण त्याला स्वतःला गाठ जमत नव्हती. तो म्हणाला, "जाऊ ना?" मी म्हटलं, "जा. डावीकडे झुक, उजवीकडे सूट." तो गेला आणि तसंच केलं त्याने.

आता माझ्यासमोर दोन वाटा आहेत. गप्प राहिलो तर मला सगळं मिळतं. घर, शेकोटीजवळची जागा, ती. बोलणारा दुसरा माणूस बोलणार नाही असं ठरवून बसला आहे. किती सोपं आहे! बायकोशी रोज एका टेबलाशी जेवायचं आणि एवढी एकच गोष्ट सांगायची नाही, मरेपर्यंत.

१४ मार्च, सोमवार. स्टेशन

गाडी यायला अवकाश आहे.

सकाळी खाली गेलो. मादाम पीठ मळत होत्या, ओरेली खिडकीशी शिवत बसली होती. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्यानेच सगळं सांगितलं. स्नेडन खोलीत आला, काय म्हणाला, मी काय म्हणालो.

शिवण तिच्या मांडीवर तशीच राहिली. तिने विचारलं, "तो स्वतः बसणार होता?"

"हो."

"आणि तू भीक म्हणालास."

"हो."

"माझ्यासाठी?"

गेले दोन महिने मी जे काही केलं ते तिच्यासाठी केलं अशी माझी समजूत होती. या वहीत पानोपानी तेच आहे. पण तिने सरळ विचारलं तेव्हा ते तोंडातून निघेना.

"तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "तुझ्यासमोर."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. रडण्याचा आवाज आला नाही.

मादामचे हात पिठात तसेच होते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू डॉक्टरकी शिकत होतास ना?"

"हो."

"मग त्याच्याकडे बघून तुला कळलं नाही?"

चौकशीत याच प्रश्नाला मी दोन अक्षरं दिली होती. बारा पंचांनी ती लिहून घेतली, सरकारी शिक्का बसला. या बाईपुढे ती चालली नाहीत.

"कळलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, म्हणजे हिशोब जुळला अशी नव्हे, नुसतीच ऐकलं अशी. पुन्हा पीठ मळायला लागल्या. दोन घड्या मारल्या, उलटलं, पुन्हा दाबलं. मला वाटलं शिव्या देतील, लाटणं फेकून मारतील. मी वाट पाहत उभा राहिलो. त्या मळतच राहिल्या. जेवायला माणसं येणार होती, पाव व्हायलाच हवा होता.

मी बॅग उचलली. स्वयंपाकघराचं दार उघडलं तसा गार वारा आत घुसला आणि टेबलावरचं कोरडं पीठ उडालं.

"दार नीट लाव," त्या म्हणाल्या. "ऊब जाते."

मी बाहेर आलो आणि दार लावलं.